पडद्यावरची बाटली ढकलून दारू सुटते का?

वाचकांचे प्रश्न

किशोरवयीन मुलांची दारू आणि गांजा यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. कॉम्प्युटरवरच्या ‘मेंदूच्या सरावा’बद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे. पत्रं संक्षिप्त केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत आहे. वर्षभरात दोनदा बिअर पिऊन घरी आला. एकदा खिशात रोलिंग पेपर (गांजा वळायचे पातळ कागद) सापडले. भाचा सांगतो की परदेशात कॉम्प्युटरवर दारूची चित्रं ढकलायचा सराव करून घेतात आणि पिणं कमी होतं. हे खरं की जाहिरात? आमच्या मुलाला लागू पडेल का? – एक वडील, नाशिक

उत्तर : पद्धत खरी आहे. तुमच्या मुलाला मात्र आज तिची गरज दिसत नाही.

नेहमी पिणाऱ्याच्या समोर बाटली आली की त्याने काही ठरवण्याआधीच मन तिकडे धावतं. ही ओढ मिलिसेकंदांत मोजता येते. पडद्यावर एकेक चित्र येतं, कधी दारूचं, कधी सरबताचं. जॉयस्टिक स्वतःकडे ओढली की चित्र मोठं होत अंगावर येतं, पुढे ढकलली की लहान होत नाहीसं होतं. सराईत पिणारा दारूचं चित्र पटकन ओढतो आणि ढकलायला त्याला थोडा जास्त वेळ लागतो. सरावात मांडणी अशी करतात की दारूचं चित्र दर वेळी ढकलावंच लागतं. हे शेकडो वेळा करून घेतात.

ॲमस्टरडॅम विद्यापीठाचे राइनाउट वीर्स आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या उत्तरेला लिंडो इथल्या व्यसनमुक्ती रुग्णालयात २१४ रुग्णांवर हा प्रयोग केला आणि २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या फक्त चार बैठका होत्या. वर्षभरानंतर सराव केलेल्यांपैकी ४६ टक्के पुन्हा प्यायला लागले होते, न केलेल्यांपैकी ५९ टक्के. मेलबर्नमध्ये दारू सोडवण्यासाठी दाखल झालेल्या ३०० रुग्णांवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. तिथेही घरी गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेल्यांचं प्रमाण सराव केलेल्यांत सुमारे ५४ टक्के आणि इतरांत ४२ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक बारा-तेरा टक्क्यांचा, पण एका तासाच्या कामाला तो वाईट नाही.

हे सगळे प्रौढ होते, दारू सोडायचं ठरवून रुग्णालयात आलेले होते, आणि समुपदेशन, औषधं, गटबैठका हे सगळं त्यांना मिळतच होतं. सराव त्यात भर म्हणून होता. याच पद्धतीच्या ऑनलाइन प्रयोगांत, जिथे माणूस घरी बसून एकटाच बटणं दाबतो, तिथे खरा सराव आणि दिखाऊ सराव (दिसायला तसाच, पण दारूचं चित्र दर वेळी ढकलायला न लावणारा) करणारे दोन्ही गट सारखेच कमी प्यायला लागले असंही दिसलं आहे. म्हणजे तिथे गुण चित्र ढकलण्याचा नव्हता. आपण किती पितो हे मोजायला लागल्याचा असावा.

मुलांवरचा पुरावा अजून पातळ आहे. अमेरिकेत १७ ते २१ वयाच्या, गांजा ओढणाऱ्या आणि उपचार न मागितलेल्या ८० तरुणांना सहा बैठकांचा सराव दिला गेला (२०१८). गांजाचे दिवस सराव गटात सुमारे ७ टक्क्यांनी घटले आणि दिखाऊ गटात काहीच बदल झाला नाही. पण सराव गटात दारूचे दिवस सुमारे १० टक्क्यांनी वाढले. संशोधकांनाही हे अपेक्षित नव्हतं. एका वस्तूपासून हात मागे खेचायला शिकवलं आणि दुसरीकडे लक्षच दिलं नाही, तर काय होऊ शकतं याची ही सूचना आहे. म्हणून मुलांच्या बाबतीत दारू आणि गांजा यांची नोंद कायम सोबत ठेवावी.

तुमच्या मुलाकडे वळू. वर्षात दोनदा दिसलेली बिअर ही अजून सवय झाली असेलच असं नाही. आधी किती आणि कशासाठी ते पाहा. किशोरांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची सहा प्रश्नांची चाचणी आहे. नशेत असलेल्या कुणाच्या, किंवा स्वतः नशेत असताना, गाडीवर बसलास का? मन हलकं करायला किंवा ग्रुपमध्ये सामावून जायला घेतोस का? एकटा असताना घेतोस का? नशेत केलेलं नंतर आठवत नाही असं झालं का? घरचे किंवा मित्र ‘कमी कर’ म्हणाले का? घेतल्यामुळे कधी अडचणीत सापडलास का? दोन किंवा जास्त ‘हो’ आले तर समुपदेशकाकडे न्यावं. हे प्रश्न वडिलांनी विचारून खरी उत्तरं येणं अवघड आहे. फॅमिली डॉक्टर किंवा कॉलेजचे समुपदेशक यांनी, तुम्ही खोलीत नसताना विचारलेले बरे.

आणि ‘बिअरच तर होती’ हे मान्य करू नका. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार पेग झाले.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे. दारू किंवा गांजा कमी करायचा आहे असं स्वतः म्हणणारे काही विद्यार्थी आहेत. चित्रांचा सराव कॉलेजच्या लॅबमध्ये करून घेता येईल का? नेमकं कसं? – समुपदेशक, कोल्हापूर

उत्तर : करता येईल. अटी तीन. मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख हवी. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवं. आणि बोलण्याच्या बैठका आधी सुरू झालेल्या हव्यात. सगळ्या वर्गाला रांगेत बसवून सराव देऊ नका. जो पीतच नाही त्याला दारूची दोनशे चित्रं दाखवायचं काही कारण नाही, आणि लॅबमध्ये कोण बसलंय हे कॉलेजभर होतं.

चित्रांपासून सुरुवात करा, कारण बहुतेक ठिकाणी काम तिथेच बिघडतं. इंटरनेटवरून वाइनचे उंच ग्लास आणि व्हिस्कीचे क्रिस्टल टम्बलर उतरवले जातात. तुमच्या मुलांनी ते कधी हातात धरलेले नसतात. त्यांची ओढ प्लास्टिकच्या ग्लासकडे, क्वार्टरच्या चपट्या बाटलीकडे, बिअरच्या कॅनकडे, पाण्याच्या पाऊचकडे असते. मुलालाच विचारा, तो कुठे, कशातून, कशासोबत घेतो, आणि त्यावरून वीस चित्रं निवडा. गांजासाठी रोलिंग पेपर, चुरलेला माल, चिलीम, अर्धा वळलेला जॉइंट.

समोरची वीस साधी चित्रं निवडताना जास्त काळजी घ्या. दारूच्या जोडीला सोडा किंवा कोला ठेवू नका. बहुतेक मुलं दारू त्यातच मिसळतात, तेव्हा ती बाटली स्वतःच एक इशारा असते आणि ती ‘जवळ ओढ’ असं शिकवलं जाईल. नारळपाणी, ताक, साधं पाणी, उसाचा रस चालेल. गांजाच्या जोडीला आकाराने जुळणाऱ्या वस्तू घ्या, जसं पेन्सिली, खडू, गुंडाळलेला कागद. लायटर आणि काडेपेटी नको. दोन्ही संचांत उजेड, पार्श्वभूमी, वस्तूचा आकार शक्यतो सारखा ठेवा, नाहीतर मूल दारूऐवजी काळ्या पार्श्वभूमीला ढकलायला शिकेल.

यंत्र साधं लागतं. लॅपटॉप आणि यूएसबी जॉयस्टिक. जॉयस्टिक नसेल तर वरचा-खालचा बाण चालतो, पण चित्राचं मोठं-लहान होणं सोडू नका. नुसतं बटण दाबताना ‘जवळ’ की ‘दूर’ हे हाताला कळत नाही. चित्र अंगावर येतं किंवा मागे जातं, तेव्हाच त्या हालचालीला अर्थ मिळतो.

सूचना चित्रातल्या वस्तूबद्दल नसावी. प्रत्येक चित्र तीन अंश डावीकडे किंवा उजवीकडे कललेलं असतं. डावीकडे कललं तर ढकल, उजवीकडे तर ओढ, एवढंच सांगायचं. मोजमाप करताना दारूची निम्मी चित्रं डावीकडे, निम्मी उजवीकडे ठेवा. साधी चित्रंही तशीच. प्रत्यक्ष सरावात दारूची सगळी, किंवा दहातली नऊ, ढकलण्याच्या कलात आणि साधी चित्रं ओढण्याच्या कलात.

एक बैठक अशी चालते. आधी करड्या रंगाच्या कोऱ्या चौकोनांवर वीसेक वेळा हात बसवून घ्या. मग सुमारे २०० चित्रं, मध्ये एक मिनिटाची विश्रांती. चूक झाली तर लाल फुली येते आणि बरोबर हालचाल होईपर्यंत चित्र जात नाही. एकूण पंधरा मिनिटं. अशा चार ते सहा बैठका, वेगवेगळ्या दिवशी, दोन ते तीन आठवड्यांत. एका दुपारी तीन बैठका उरकू नका. तिसऱ्या बैठकीत हात चालतो, डोकं नाही.

मोजणीत दारूचं चित्र ढकलायला लागलेल्या वेळेतून ओढायला लागलेला वेळ वजा करतात. समजा ढकलायला ७२० आणि ओढायला ६५० मिलिसेकंद लागले, तर ओढ ७०. साध्या चित्रांसाठी तीच वजाबाकी करून ती पहिलीतून काढतात. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावून मधला) घ्या, कारण मध्येच कुणी दाराकडे पाहिलं की एकच तीन सेकंदांचा आकडा सगळी सरासरी बिघडवतो. चुकीची उत्तरं वगळा. २०० मिलिसेकंदांच्या आत आलेली उत्तरंही वगळा, कारण तेवढ्यात चित्र पाहूनच होत नाही. चारातलं एक उत्तर चुकत असेल तर ती बैठक धरू नका, पुन्हा घ्या.

हा आकडा मुलाला निकालासारखा सांगू नका. गटाच्या पातळीवर तो काही सांगतो, पण एका मुलापुरता फार डळमळीत असतो, आणि आज ७० आलेला परवा १० येऊ शकतो. ‘तुझा मेंदू अजून दारूकडे ओढला जातोय’ असं सोळा वर्षांच्या मुलाला सांगणं अन्यायाचं आहे आणि चुकीचंही. कामाचा आकडा वेगळा आहे. कॅलेंडर समोर ठेवून गेल्या २८ दिवसांपैकी किती दिवस दारू, किती दिवस गांजा, त्या दिवशी किती. सण, परीक्षा, मित्राचा वाढदिवस, मॅच अशा खुणा आधी लावल्या की आठवण बरीच नेमकी होते. सुरुवातीला, शेवटच्या बैठकीला आणि तीन महिन्यांनी भरून घ्या.

कंटाळा हा या पद्धतीचा मोठा शत्रू आहे. गेमसारखे गुण, आवाज, बक्षिसं घालून पाहिलेली आहेत. त्यांनी मुलं थोडी जास्त वेळ बसतात, पण ज्यांना सोडायचंच नाही ती नंतर येत नाहीत. सरावाचा हेतू लपवू नका. मुलाला तो कळला तर काम बिघडेल ही भीती अनाठायी आहे. वीर्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेली सुधारित कल्पनाही त्याच दिशेची आहे. कोणत्या प्रसंगी तलफ येते, तेव्हा दुसरं काय करता येईल आणि त्याने स्वतःला महत्त्वाचं वाटणारं काय मिळेल, या तिन्ही गोष्टी सरावात गुंफायच्या. साध्या भाषेत, बाटली ढकलताना ‘म्हणजे काय जवळ करतोय’ हे मुलाने आधी ठरवलेलं असावं: शनिवारची सकाळची मॅच, वजनगट, बहिणीचा विश्वास. ते त्याने स्वतः निवडावं. तुम्ही सुचवलंत तर तो हो म्हणेल आणि विसरेल.

लॅब मिळाली नाही तरी फारसं अडत नाही. पहिल्या दर्जाचं काम बोलण्याच्या बैठकांचंच आहे. अमेरिकेत गांजा ओढणाऱ्या ६०० किशोरांवर पाच वेगवेगळे कार्यक्रम करून पाहिले (२००४). पाच बैठकांचा सगळ्यांत छोटा कार्यक्रम लांबलचक कार्यक्रमांच्या फारसा मागे पडला नाही. त्यात दोन एकेकट्या बैठका सोडण्याची इच्छा वाढवण्यासाठी आणि तीन गटबैठका ‘नको’ म्हणणं, तलफ सांभाळणं, पुन्हा घसरण झाल्यास काय करायचं यांसाठी. डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांना हे जमतं, याचा दाखला गोव्यात आहे. ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. जास्तीत जास्त चार बैठका मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांची अपायकारक पिण्यातून सुटका झाली, नेहमीच्या उपचारांत २६ टक्क्यांची (२०१७). तेही प्रौढ होते, पण बैठकीची बांधणी शिकण्यासारखी आहे.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची. मैत्रिणींबरोबर गांजा ओढते. विचारलं तर म्हणते, ‘आई, ते हर्बल आहे, महाशिवरात्रीला भांग चालते ना?’ तिला काय उत्तर द्यायचं? आणि हा सराव तिला द्यावा का? – एक आई, ठाणे

उत्तर : सराव नको. ज्याला सोडायचं नाही त्याचा हात ढकलायला शिकवून काही होत नाही, उलट ‘माझ्या डोक्याशी खेळताय’ हा राग तेवढा पदरी पडतो.

भांगेचा मुद्दा ती चतुरपणे मांडते आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात बोंडं-फुलं म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस, यांवर बंदी आहे. पानं त्या व्याख्येत नाहीत. ही सूट कायद्याची आहे, औषधशास्त्राची नाही. नशा आणणारं रसायन पानातही तेच असतं, गांजात ते जास्त असतं. आणि धोका वयाचा आहे. गांजा वापरणाऱ्यांत एकंदर दहातल्या एकाला व्यसन जडतं, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत सहातल्या एकाला. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम आजार असेल तर तिला तो धोका स्पष्ट सांगा. ही भीती घालण्याची गोष्ट नाही, तिला माहीत असायलाच हवी.

बोलताना एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. ‘शून्य ते दहामध्ये, हे कमी करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?’ ती ‘तीन’ म्हणाली तर ‘फक्त तीन?’ असं म्हणू नका. ‘तीन का, शून्य का नाही?’ असं विचारा. मग कारणं तिच्याच तोंडून येतात: खोकला, पैसे, गणिताचा पेपर, त्या मुलाचं वागणं. ती कारणं तिच्याच शब्दांत परत म्हणा आणि तिथेच थांबा. त्यावर भाषण जोडलंत की तिला लगेच दुसरी बाजू लढवावी लागते.

तिला गांजा देणारा सज्ञान असेल तर बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे तुम्ही लक्षात ठेवा. पहिल्याच संभाषणात काढलंत तर ती त्या मुलाला वाचवायला लागेल आणि तुमच्याशी बोलणं थांबवेल.

प्रश्न : वय १९, हॉस्टेलला राहतो. दोन वर्षं रोज रात्री जॉइंट ओढतो. सोडायचं आहे. घरी सांगायचं नाही. दोनदा सोडून पाहिलं, चौथ्या दिवशी परत सुरू. – विद्यार्थी, पुणे

उत्तर : चौथा दिवस हा योगायोग नाही. रोज ओढणाऱ्याने थांबवलं की त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो आणि दुसऱ्या ते सहाव्या दिवसांत सगळ्यांत जास्त असतो. चिडचिड, भूक मरणं, झोप न लागणं, लागली तर अतिशय जिवंत, विचित्र स्वप्नं. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरतं, झोप सगळ्यांत शेवटी रुळावर येते. परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नका.

जॉइंटमध्ये तंबाखू मिसळता का? आपल्याकडे बहुतेक जण मिसळतात. मग तुम्ही एकाच वेळी निकोटिनही सोडताय, आणि बरीचशी चिडचिड त्याची असू शकते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक १८००-११-२३५६ आहे. निकोटिनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

‘आता ओढायचं नाही’ हा निश्चय रात्री साडेदहाला टिकत नाही, कारण त्यात साडेदहाला काय करायचं ते नसतं. ‘जर-तर’च्या बांधणीत लिहा. ‘जर गच्चीवरून हाक आली, तर मी चप्पल घालून मेसकडे चालायला लागेन आणि आईला फोन करेन.’ ‘जर रूममेटने पेपर काढला, तर मी आंघोळीला जाईन.’ प्रसंग नेमका, कृती एकच, दोन मिनिटांत सुरू होणारी. अशी तीनच वाक्यं करा, दहा केलीत तर एकही आठवणार नाही. रोज सकाळी मोठ्याने म्हणा आणि त्या दृश्याची डोळे मिटून एकदा उजळणी करा. पडद्यावरच्या सरावाचंच तत्त्व यात आहे, इशारा आणि हालचाल यांची नवी गाठ मारायची, फक्त इथे इशारा तुमच्या गच्चीवरचा खरा आहे.

तलफ सहसा वीस-तीस मिनिटांत उतरते. ती दाबून टाकायचा प्रयत्न करू नका. शरीरात कुठे जाणवते, वाढते की कमी होते, हे घड्याळ लावून पाहा. पेपर, ग्राइंडर, लायटर खोलीतून बाहेर काढा आणि ‘शेवटचा म्हणून ठेवलेला’ माल तर आधी. माल पुरवणाऱ्याचा नंबर काढून टाका. रात्रीच्या वेळेची जागा बदला, निदान तीन आठवडे.

त्या दिवसांत झोप यावी म्हणून बिअर घेऊ नका. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दारूचे दिवस का वाढले हे ठरलेलं नाही, पण ही वाट सगळ्यांत सोपी असते. रोज भरपूर दारूही घेत असाल तर ती मात्र एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावं लागतं.

तुम्ही सज्ञान आहात. समुपदेशकाकडे जायला घरच्यांची परवानगी लागत नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे सरकारी क्रमांक मोफत आहेत, मराठीत बोलता येतं. व्यसनी व्यक्तीने आपण होऊन उपचार घेतले तर अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये थोड्या मालाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. आवाज ऐकू येणं, लोक पाळत ठेवताहेत असं वाटणं, जीव द्यावासा वाटणं यांपैकी काही झालं तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं.

प्रश्न : स्मरणशक्ती वाढवणारी ॲप्स मुलांचं व्यसन कमी करतात का? – वाचक, नागपूर

उत्तर : नाही म्हणावं लागेल. कार्यकारी स्मृतीच्या २५ बैठकांनी जास्त पिणाऱ्यांचं पिणं महिनाभर कमी झाल्याचा एक नेदरलँड्समधला अभ्यास (२०११) आहे, त्यावर बरीच ॲप्स विकली गेली. असे खेळ खेळून माणूस सहसा त्या खेळातच तरबेज होतो. पैसे समुपदेशनावर घाला.

प्रश्न : आम्ही ओन्टारिओत राहतो. इथे गांजा कायदेशीर. मुलगा १७, मित्रांकडे गमीज (गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्या) खाल्ल्या. ओढत नाही म्हणून काळजी कमी का? – मराठी पालक, कॅनडा

उत्तर : कमी नाही. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून परवानगी आहे, पण ओन्टारिओत वय १९ आहे. खाल्लेल्या गांजाचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून मूल दुसरी, तिसरी खातं आणि मग सगळ्यांचा परिणाम एकदम येतो. कायदेशीर पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम नशेचा घटक असतो, बेकायदा पाकिटावर काहीही छापलेलं असू शकतं. तिथे हा सराव मिळालाच तर चित्रं जॉइंटची आहेत की गमीजची ते आधी विचारा. मुलाने कधी न धरलेल्या जॉइंटला ढकलून उपयोग नाही.

प्रश्न : मुलगा १६. रोज गांजा, आता शाळाही बंद. घरी लघवीच्या तपासणीची किट आणली आहे. एका केंद्राने सांगितलं, ‘सहा महिने ठेवा, गाडी पाठवतो, झोपेत उचलू.’ करावं का? – एक आई, सातारा

उत्तर : गाडी पाठवू देऊ नका.

किटने फार थोडं कळतं. रोज ओढणाऱ्याची तपासणी बंद केल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे तो खरंच थांबला असला तरी किट त्याला खोटं ठरवेल. तपासणी त्याच्या संमतीने, उपचाराचा भाग म्हणून डॉक्टरांकडे व्हावी.

दाखल करण्याबाबत मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ स्पष्ट आहे आणि नशेशी जोडलेले विकारही त्याच्या व्याख्येत येतात. अठराच्या आतल्या मुलाला पालकांच्या अर्जावर दाखल करता येतं. त्याआधीच्या सात दिवसांत दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टरने, त्याला स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज ठरवलेली असावी लागते. बाहेर राहून उपचार शक्य नसतील तरच. त्याला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं, पूर्ण मुक्कामात पालकांपैकी किंवा नेमलेलं कुणी त्याच्यासोबत राहावं लागतं, आणि ७२ तासांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवावं लागतं. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर मंडळाचा आढावा लागतो. सहा महिन्यांचं पॅकेज यात कुठेच बसत नाही.

केंद्राला फोनवर हे विचारा: नोंदणी कोणत्या प्राधिकरणाकडे आहे आणि तिचा क्रमांक काय, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतात, सोळा वर्षांची मुलं कुठे झोपतात, मी सोबत राहू शकते का, रोजचं वेळापत्रक लिखित मिळेल का, शाळेचं काय. ‘सोबत राहता येणार नाही’ असं उत्तर आलं तर पुढचं विचारायची गरज नाही. तोवर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. तो यायला तयार नसेल तर पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं. घरातलं भांडण कमी कसं करायचं आणि त्याला तयार कसं करायचं, हे काम तिथूनच सुरू होतं.